व्यावसायिक फुटबॉलमधील बचावपटूची कारकीर्द : राहुल भेके यांच्या वाटचालीच्या संदर्भात

प्रस्तावना

फुटबॉल या खेळाची नोंद प्रामुख्याने गोलांच्या भाषेत ठेवली जाते. कोणी गोल केला, कितव्या मिनिटाला केला आणि कोणाच्या पासवर केला, एवढे तपशील दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात येतात. जो गोल झाला नाही त्याची नोंद कोठेही राहत नाही. बचावपटूचे काम नेमके या न झालेल्या गोलांचे असल्यामुळे त्याच्या कारकिर्दीचा अभ्यास करणे हे आघाडीच्या खेळाडूच्या अभ्यासापेक्षा अधिक कठीण ठरते. १९५६ पासून दिल्या जाणाऱ्या 'बॅलन डी'ओर' या युरोपीय सन्मानाचा इतिहास पाहिला तरी ही बाब स्पष्ट होते. पुरुषांच्या गटात फ्रान्झ बेकेनबाउर (१९७२ व १९७६), मथियास झामर (१९९६) आणि फाबिओ कन्नाव्हारो (२००६) एवढ्या तीनच बचावपटूंच्या वाट्याला तो आला.

नवी मुंबईच्या वाचकाला याचे एक जवळचे उदाहरण आठवत असेल. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरविले. तो एकमेव गोल स्पेनच्या कोणत्याही खेळाडूचा नव्हता. सामना संपत आला असताना कोलंबियाच्या बचावपटूकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला होता. त्याआधीची ऐंशी मिनिटे त्याच बचावफळीने स्पेनला रोखून धरले होते. इतिहासात मात्र स्वयंगोल राहिला.

प्रस्तुत लेखात मुंबईत जन्मलेले व भारतीय संघाकडून खेळलेले बचावपटू राहुल शंकर भेके यांच्या वाटचालीच्या आधारे व्यावसायिक बचावपटूची कारकीर्द कशी घडते, कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते आणि कोठे अडखळते याचे विवेचन केले आहे. महाराष्ट्रातून क्रिकेटपटू पुष्कळ घडले, परंतु राष्ट्रीय फुटबॉल संघात दीर्घकाळ टिकलेले मराठी नाव विरळाच. भेके यांची निवड केवळ त्या कारणाने केलेली नाही. गेल्या दीड दशकात भारतीय फुटबॉलच्या रचनेत जे जे बदल झाले, त्यांपैकी बहुतेकांतून हा एक खेळाडू गेला आहे, म्हणून ही निवड आहे.

बचावपटूचे कार्य

बचावफळीत सामान्यतः चार खेळाडू असतात. मध्यभागी दोन सेंटर बॅक आणि दोन्ही कडांना एकेक फुल बॅक. सेंटर बॅकचे मुख्य काम प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीच्या खेळाडूला गोलसमोर मोकळी जागा मिळू न देणे, उंचावरून आलेले चेंडू डोक्याने परतविणे आणि संपूर्ण फळीची रेषा राखणे हे होय. फुल बॅकला कडेने येणारा आक्रमक अडवावा लागतो आणि संधी मिळताच स्वतः पुढे धावून क्रॉस द्यावा लागतो. म्हणजे त्याला दोन्ही दिशांचे काम असते व दोन्ही दिशांचा दोषही त्याच्याच माथी येतो.

रेषा राखणे ही गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात सहसा येत नाही. ऑफसाइडच्या नियमानुसार चेंडू पुढे दिला जाण्याच्या क्षणी आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान दोन खेळाडू असावे लागतात. १९२५ पूर्वी ही संख्या तीन होती. ती कमी झाल्याबरोबर गोलांची संख्या वाढली आणि उपाय म्हणून मधल्या फळीतील एका खेळाडूला मागे ओढून तिसरा बचावपटू निर्माण केला गेला. सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, हा नियम १९९२ मध्ये आला आणि त्यानंतर चेंडू नुसता दूर भिरकावणारा बचावपटू कालबाह्य झाला. पायात चेंडू ठेवून पुढचा पास शोधणारा हवा झाला. नियमपुस्तिकेतील दोन ओळींचा बदल खेळाडूंच्या एका पूर्ण पिढीचे मोल बदलून टाकतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

चार जणांपैकी एक जण जरी दोन पावले मागे राहिला तरी सर्व फळीचा ऑफसाइडचा डाव फसतो. त्यामुळे बचाव हे बोलण्याचे काम आहे. मागून सर्व मैदान दिसत असल्याने सेंटर बॅक नव्वद मिनिटे सहकाऱ्यांना सूचना देत असतो. अनुभवी बचावपटूची गती कमी झाली तरी तो संघात टिकतो, याचे कारण तो धावण्यापूर्वी पाहतो. आघाडीचा खेळाडू तिशीनंतर उतरणीला लागतो असे मानले जाते. सेंटर बॅकची मात्र खरी वर्षे कित्येकदा तेव्हाच सुरू होतात.

मुंबईची पार्श्वभूमी

राहुल भेके यांचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत झाला. ज्या मुंबईत ते फुटबॉल शिकले, त्या मुंबईचा फुटबॉल तोपर्यंत बराच बदलला होता. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा ही देशातील जुन्या स्पर्धांपैकी एक. कूपरेजच्या मैदानावर होणाऱ्या या स्पर्धेला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी गर्दी लोटत असे. शहरातील फुटबॉल हा मुख्यतः कार्यालयीन संघांचा होता. गिरण्या, बँका, रेल्वे, तेल कंपन्या, टाटा, महिंद्र, एअर इंडिया यांचे संघ असत. खेळाडूला त्या आस्थापनेत नोकरी मिळे, सकाळी सराव आणि दुपारी हजेरीपटावर सही असा त्याचा दिवस असे. खेळ संपला तरी नोकरी राही. गिरणगावातील व रेल्वे वसाहतींतील कित्येक कुटुंबांनी मुलांना मैदानावर जाऊ दिले ते या भरवशावर.

ही व्यवस्था २००० नंतर वेगाने मोडली. रोव्हर्स करंडक बंद पडला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली आणि अवघ्या चार वर्षांत, २०१० मध्ये, आपला संघ विसर्जित केला. २००७ मध्ये राष्ट्रीय लीगची जागा आय-लीगने घेतली आणि आशियाई महासंघाच्या निकषांनुसार क्लब हा स्वतंत्र व्यावसायिक संस्था असावा असा आग्रह सुरू झाला. कार्यालयीन संघाला या चौकटीत स्थान नव्हते. त्यामुळेच एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेला.

भेके यांची सुरुवातीची वर्षे या दोन व्यवस्थांच्या सांध्यावर गेली. एअर इंडिया हा जुन्या पद्धतीचा संघ आणि २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी हा नव्या पद्धतीचा क्लब, या दोन्हींकडून ते खेळले. मुंबई एफसीची धुरा २००९ ते २०१६ या काळात खालिद जमील यांच्याकडे होती. मर्यादित खर्चात, कमी गोल स्वीकारून, पायरीपायरीने गुण गोळा करणे ही त्या संघाची पद्धत होती. प्रेक्षकाला ती फारशी मोहविणारी नव्हती. परंतु तरुण बचावपटूसाठी अशा संघाइतकी चांगली शाळा नसते, कारण चेंडू बहुतेक वेळ प्रतिस्पर्ध्याकडे असतो.

उसनवारीची वर्षे

२०१४ मध्ये भेके कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडे गेले. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग, म्हणजेच आयएसएल, सुरू झाली आणि भारतीय खेळाडूंच्या वाट्याला एक विचित्र वेळापत्रक आले. ऑक्टोबर ते डिसेंबर आयएसएल आणि जानेवारीनंतर आय-लीग. एकाच खेळाडूचा मूळ करार आय-लीगच्या क्लबशी असे आणि आयएसएलच्या तीन महिन्यांसाठी तो दुसऱ्या संघाकडे उसना दिला जाई. याच पद्धतीने भेके २०१५ मध्ये केरला ब्लास्टर्सकडून आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळले व प्रत्येक वेळी कोलकात्याला परतले.

या पद्धतीचा आर्थिक लाभ खेळाडूंना झाला हे मान्य केले पाहिजे. परंतु बचावपटूच्या दृष्टीने ती गैरसोयीचीच होती. आघाडीचा खेळाडू नव्या संघात स्वतःच्या कौशल्यावर चमकू शकतो. बचावपटूला मात्र शेजारच्या खेळाडूची सवय लागते. तो कोणत्या पायाने चेंडू घेतो, केव्हा पुढे सरकतो, त्याची हाक कशी असते, हे कळण्यास काही महिने जातात. दर सहा महिन्यांनी नवा प्रशिक्षक, नवी भाषा आणि नवा शेजारी असताना फळी घट्ट होणे अवघड असते.

आणखी एक मर्यादा होती. आयएसएलच्या आरंभीच्या हंगामांत मैदानावर एका वेळी किमान पाच भारतीय खेळाडू असणे बंधनकारक होते. म्हणजे सहा परदेशी खेळू शकत. क्लब आपले परदेशी खेळाडू पाठीच्या कण्याप्रमाणे मधोमध उभे करीत, एक-दोन सेंटर बॅक, मधल्या फळीचा सूत्रधार आणि गोल करणारा. भारतीय खेळाडूंसाठी बहुधा कडा उरत. देशातील कित्येक सेंटर बॅक या काळात फुल बॅक झाले आणि कित्येक विंगर मागे सरकले. गोव्याचे मंदार राव देसाई हे मूळचे डाव्या कडेचे आक्रमक. एफसी गोवाने त्यांना लेफ्ट बॅक केले. भेके यांनीही या वर्षांत मोठ्या प्रमाणात राइट बॅकचे काम केले. भारतीयांची किमान संख्या २०१७-१८ पासून सहा आणि २०२१-२२ पासून सात झाली. मध्यभागातील जागा मोकळी होऊ लागली ती त्यानंतर. ज्याला आपण खेळाडूची 'शैली' म्हणतो, तिच्यात नियमावलीचा वाटा किती असतो हे यावरून दिसते.

बंगळूरू आणि एक कॉर्नर

२०१७-१८ पासून आयएसएल आणि आय-लीग एकाच वेळी खेळविल्या जाऊ लागल्या आणि उसनवारीची पद्धत संपली. त्याच हंगामात आयएसएलमध्ये दाखल झालेल्या बंगळूरू एफसीने भेके यांना घेतले. तेथील चार वर्षे ही त्यांच्या कारकिर्दीतील पहिली स्थिर वर्षे होत. १७ मार्च २०१८ रोजी बंगळूरूला स्वतःच्या मैदानावर अंतिम सामन्यात चेन्नईयिनकडून २-३ असा पराभव पत्करावा लागला. पुढच्याच महिन्यात सुपर कपच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालविरुद्ध संघ पिछाडीवर असताना बरोबरीचा गोल भेके यांनी केला आणि बंगळूरूने तो सामना ४-१ असा जिंकला. ज्या क्लबकडे ते तीन वर्षे होते, त्याच क्लबविरुद्ध हा गोल होता.

बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर बंगळूरू पुन्हा अंतिम सामना खेळत होता. समोर एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेच्या पूर्वार्धाच्या अखेरीस गोव्याच्या अहमद जाहू यांना मैदान सोडावे लागले. ११७ व्या मिनिटाला बंगळूरूला कॉर्नर मिळाला, दिमास देल्गादो यांनी तो घेतला आणि भेके यांच्या हेडरने चेंडू खांबाला लागून आत गेला. बंगळूरूचे हे पहिले आयएसएल जेतेपद आणि सामनावीर एक बचावपटू, तोही त्याच्या जन्मगावी.

बचावपटू कॉर्नरच्या वेळी पुढे का जातो, हा प्रश्न क्रीडाशास्त्राच्या दृष्टीने साधा आहे. उंच उडी, हवेतील चेंडूचा अंदाज आणि धक्का सोसण्याची तयारी हे गुण त्याने गोल वाचविण्यासाठी कमावलेले असतात. कॉर्नरवर तेच उलट दिशेने वापरता येतात. आक्रमक कोठे धावेल हे ज्याला रोज ओळखावे लागते, त्याला बचावपटू कोठे गाफील राहतो हेही ठाऊक असते. भेके यांचे महत्त्वाचे गोल पाहिले तर बहुतेक याच प्रकारचे आहेत. मात्र पुढे गेलेला बचावपटू मागे जागा सोडून जातो. कॉर्नर फसला तर साठ-सत्तर मीटर परत धावणे हाही त्याच कामाचा भाग असतो. ११७ व्या मिनिटाला ती धाव घेण्याची ताकद शिल्लक ठेवून पुढे जाणे, यात त्या गोलाचे खरे मोल आहे.

दोहा येथील दोन सामने

भेके यांना भारतीय संघात पहिली संधी मिळाली ती ५ जून २०१९ रोजी, थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत कुरासाओविरुद्ध. तेव्हा त्यांचे वय २८ वर्षे होते. प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांचाही तो भारतीय संघाबरोबरचा पहिला सामना. भारत १-३ असा हरला.

तीन महिन्यांनी, १० सप्टेंबर २०१९ रोजी, विश्वचषक पात्रता फेरीत भारताची गाठ दोहा येथे कतारशी पडली. कतार त्याच वर्षी आशियाई विजेता झालेला होता. कर्णधार सुनील छेत्री आजारपणामुळे खेळू शकले नाहीत. बचावफळीत उजवीकडे भेके, मध्यभागी संदेश झिंगन व आदिल खान आणि डावीकडे मंदार राव देसाई होते. यांतील आदिल खान व राव देसाई गोव्याचे आणि भेके मुंबईचे, म्हणजे चौघांपैकी तिघे कोकण किनाऱ्यावरचे. कतारने पंचवीसहून अधिक फटके मारले. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांनी असामान्य खेळ केला आणि सामना ०-० असा सुटला. भारतीय फुटबॉलच्या अलीकडील इतिहासात या बरोबरीला विजयाइतके स्थान आहे. अर्थात श्रेय मुख्यतः गोलरक्षकाला मिळाले आणि त्यात गैर काही नाही. तरीही फटका कोठून मारला जातो यावर तो अडविता येतो की नाही हे अवलंबून असते आणि आक्रमकाला दूरवरून किंवा तिरक्या कोनातून मारावयास भाग पाडणे हे फळीचे काम असते.

दुसरा सामना ३ जून २०२१ चा. तेच शहर, तोच प्रतिस्पर्धी, तीच स्पर्धा. या वेळी भेके यांना पहिल्या सतरा मिनिटांतच दोन पिवळी कार्डे मिळाली आणि भारताला उरलेला सव्वा तासाचा खेळ दहा खेळाडूंनिशी काढावा लागला. दुसरे कार्ड चेंडूला हात लागल्याबद्दल होते. भारत ०-१ असा हरला. निलंबनामुळे पुढच्या बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात, जो भारताने २-० असा जिंकला, त्यांना बाहेर बसावे लागले.

पहिले पिवळे कार्ड मिळालेला बचावपटू हा अर्धा बचावपटू असतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्याला उरलेला सर्व काळ संशय घेऊन खेळावे लागते; जेथे पाय घालावा तेथे तो मागे घ्यावा लागतो. आक्रमकाची चूक चेंडू बाहेर जाण्यावर संपते, बचावपटूची चूक दहा सहकाऱ्यांच्या पायांवर पडते. या दोन सामन्यांत भेके यांच्या कौशल्यात मोठा फरक पडला असेल असे मानण्यास आधार नाही. फरक पडला तो काही क्षणांच्या निर्णयांत. पहिल्या सामन्याच्या आठवणीत त्यांचे नाव क्वचित येते, दुसऱ्याच्या आठवणीत मात्र हटकून येते.

मुंबई सिटी आणि नेरूळचे स्टेडियम

२०२१ मध्ये भेके मुंबई सिटी एफसीत आले. राइट बॅककडून सेंटर बॅककडे त्यांचे स्थित्यंतर पूर्ण झाले ते येथे. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे नमविले. या स्पर्धेच्या गट साखळीत भारतीय क्लबने मिळविलेला हा पहिला विजय आणि विजयी गोल भेके यांच्या हेडरचा. त्या वर्षी संघ सहा सामन्यांत सात गुण मिळवून गटात दुसरा आला. २०२२-२३ मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई सिटीने साखळीतील अव्वल स्थानाची शील्ड जिंकली. पुढच्या हंगामात भेके कर्णधार होते. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानकडून १-२ असा पराभव होऊन शील्ड हुकली. एकोणीस दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध अंतिम सामन्यात मुंबईने एका गोलाच्या पिछाडीवरून ३-१ असा विजय मिळविला आणि भेके यांनी करंडक उचलला.

याच हंगामात नवी मुंबईनेही आशियाई फुटबॉलची उंची पाहिली. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी नेरूळ येथे मुंबई सिटीचा सामना सौदी अरेबियाच्या अल हिलाल संघाशी झाला. त्याआधी दोनच आठवडे रियाधमध्ये या संघाने मुंबईला ६-० असे हरविले होते. नेरूळला निकाल ०-२ असा लागला. त्या वर्षी मुंबई सिटीने गटातील सर्व सहा सामने गमावले. २०२२ मधील सात गुण आणि २०२३ मधील शून्य हे आकडे शेजारी ठेवले म्हणजे आशियातील वाढती आर्थिक दरी ध्यानी येते. बचावपटूला ही दरी सर्वांत आधी जाणवते, कारण ती त्याच्या अंगावर धावून येते.

नेरूळच्या या स्टेडियमने २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, २०२२ च्या फेब्रुवारीत महिलांच्या आशियाई चषकाचा अंतिम सामना आणि ऑक्टोबरमध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला. मुंबई सिटीचे पहिले दोन हंगाम येथेच झाले. २०१६ मध्ये संघ अंधेरीला गेला. घणसोली येथे २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशनची निवासी युवा अकादमी आहे. म्हणजे नवी मुंबईकडे मंच आहे, प्रशिक्षणाची सोय आहे. या शहराच्या नावाने अव्वल लीगमध्ये खेळलेला क्लब मात्र नाही. ऐरोली किंवा खारघरमधील मुलाला मोठा सामना पाहण्यास नेरूळपर्यंत जावे लागते आणि खेळण्यास बहुधा राज्याबाहेर.

शरीराची किंमत

हेडरचा उल्लेख वर अनेकदा आला. त्याची दुसरी बाजू वैद्यकीय आहे. स्कॉटलंडमधील ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना सर्वसामान्य लोकसंख्येतील २३,०२८ व्यक्तींशी करणारे ग्लासगो विद्यापीठातील संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या ऱ्हासाशी संबंधित आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट आढळले. २०२१ मध्ये याच संशोधकांनी खेळाडूंच्या मैदानावरील स्थानानुसार विश्लेषण केले, तेव्हा अशा आजारांचा धोका बचावपटूंमध्ये सर्वाधिक, म्हणजे जवळजवळ पाचपट, आणि गोलरक्षकांमध्ये सर्वांत कमी दिसला. हे खेळाडू जुन्या पिढीचे होते आणि हेडर हेच कारण असे त्यातून निर्विवादपणे सिद्ध होत नाही. परंतु गोलरक्षक चेंडू डोक्याने मारत नाही ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये लहान मुलांच्या सरावातील हेडरवर त्यानंतर निर्बंध आले. महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांची आखणी करणाऱ्यांनी या संशोधनाकडे गांभीर्याने पाहावयास हवे.

करार, वेतन आणि क्लबांचे आयुष्य

भेके यांनी आपल्या राज्यातील ज्या चार संघांकडून खेळ केला त्यांपैकी एअर इंडिया २०१३ मध्ये अव्वल लीगबाहेर गेला, मुंबई एफसी २०१७ मध्ये बंद पडला आणि एफसी पुणे सिटीचा कारभार २०१९ मध्ये आटोपला. पुण्यातील पुणे एफसी आणि भारत एफसी हे क्लब त्याआधीच गेले होते. कारकीर्द खेळाडूच्या गुडघ्यापेक्षा क्लबच्या ताळेबंदावर अधिक अवलंबून असते, हे विधान महाराष्ट्राच्या बाबतीत अतिशयोक्त नाही. कार्यालयीन संघ बंद झाला तरी खेळाडूची नोकरी राहत असे. क्लब बंद झाला की त्याच्याकडे केवळ कराराचा कागद उरतो.

त्या कागदाला आंतरराष्ट्रीय नियमांचा आधार आहे. फिफाच्या २०१८ पासूनच्या तरतुदीनुसार क्लबने दोन महिन्यांचे वेतन थकविल्यास खेळाडू लेखी नोटीस देऊन, किमान पंधरा दिवसांची मुदत ठेवून, करार रद्द करू शकतो. भारतात खेळाडूंची संघटना २००६ मध्ये भाईचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. परंतु करार रद्द करून जावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर नियमात नसते. तिशीतील बचावपटूला तर नाहीच. म्हणूनच निवृत्तीनंतरचा मार्ग आधीच शोधावा लागतो. गोव्याचे महेश गवळी हे भारताचे एके काळचे खंदे सेंटर बॅक. ईस्ट बंगालच्या २००३ मधील आसियान क्लब विजेतेपदात व पुढे डेम्पोच्या यशात त्यांचा वाटा होता. निवृत्तीनंतर ते प्रशिक्षणाकडे वळले आणि २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक निलंबित असताना संघाची सूत्रे त्यांनी सांभाळली. मागून मैदान पाहण्याची सवय येथे कामी येते.

२०२४ मध्ये भेके बंगळूरूकडे परतले. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांनी झिंगन यांच्यासह आशियाई चषकात भारताचा बचाव सांभाळला होता. भारत तिन्ही सामने हरला व एकही गोल करू शकला नाही. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध ब्रँडन फर्नांडिस यांच्या कॉर्नरवर त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला. वय ३४ ला काही दिवस कमी. १९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्ध दुसरा, तोही हेडर. एप्रिलमध्ये बंगळूरूने आयएसएलचा अंतिम सामना मोहन बागानविरुद्ध जादा वेळेत १-२ असा गमावला.

त्यानंतर अडचण उद्भवली ती मैदानाबाहेर. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे व्यावसायिक भागीदार यांच्यातील २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. महासंघाच्या घटनेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्याने नूतनीकरण रखडले आणि जुलै २०२५ मध्ये पुढील हंगाम थांबविल्याचे क्लबांना कळविण्यात आले. ऑगस्टच्या आरंभी बंगळूरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचारी यांचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित करीत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात भारतीय संघाची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली आणि मुंबई एफसीच्या दिवसांनंतर भेके पुन्हा त्यांच्या संघात खेळू लागले. महिनाअखेर सुरू झालेल्या मध्य आशियातील काफा नेशन्स कपसाठी संघ ताजिकिस्तानला गेला. ८ सप्टेंबर २०२५ रोजी तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात क्रमवारीत बराच वर असलेल्या ओमानशी १-१ अशी बरोबरी झाली आणि भारताने पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२ असा विजय मिळविला. भारताच्या तीन यशस्वी फटक्यांपैकी एक भेके यांचा होता.